टाळ्यांसह जतन झालेले संगीत

ज्या संगीतातील उत्तमांश वादकाच्या मनात ऐन वेळी आकार घेतो, त्याची लेखी प्रत कितीही काटेकोरपणे उतरवून ठेवली तरी ती मूळ प्रयोगाची जागा घेऊ शकत नाही, हे हिंदुस्थानी बैठकीच्या श्रोत्याला मुद्दाम पटवून द्यावे लागत नाही. कारण बंदिशीचे शब्द आणि स्वर वहीत टिपून घेतले तरी तिचा विस्तार, तिच्यातल्या जागा आणि समेवर येण्याची लकब त्या वहीत सापडत नाही, हा त्याचा नित्याचा अनुभव असतो. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेकडील न्यू ऑर्लिन्स शहरात, मुख्यतः कृष्णवर्णीय वादकांच्या हातून घडलेल्या जॅझची प्रकृतीही याच जातीची आहे. एखाद्या परिचित गीताची चाल घ्यावी, तिच्याखालच्या कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांची, चौकट आवर्तनामागून आवर्तन फिरवीत राहावी, आणि त्या चौकटीत एकेका वादकाने पाळीपाळीने आपली उपज मांडावी, अशी तिची सर्वसाधारण रीत. साहजिकच जॅझचा अस्सल दस्तऐवज म्हणजे स्वरलिपी नव्हे, तर ध्वनिमुद्रिका. आणि त्यातही जिथे वादकासमोर जिवंत माणसे बसलेली आहेत अशा मैफलीतील ध्वनिमुद्रिकेचे मोल निराळे मानले जाते.

ते निराळे का मानावे, हे समजण्यासाठी आरंभीच्या तबकड्यांची मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. जॅझची पहिली तबकडी १९१७ साली निघाली. त्या काळची दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेत फिरे आणि तिच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे वादन मावे. सभागृहात जो वादक एकाच गीतावर पाऊण घटका रमत असे, त्याला स्टुडिओत पाऊल टाकताच प्रस्तावना, विस्तार आणि समारोप यांची तीन मिनिटांत वासलात लावावी लागे. त्याच्यासमोर श्रोता म्हणून असे तो काचेपलीकडचा तंत्रज्ञ, आणि त्या तंत्रज्ञाचे लक्ष गाण्यापेक्षा काट्याकडे अधिक. या सक्तीने काही घाटदार रत्ने निर्माण झाली, हे खरे. लुई आर्मस्ट्राँगच्या १९२० ते १९३० या दशकातील तबकड्या त्याची साक्ष देतात. परंतु समोरच्या माणसांचा प्रतिसाद पाहून वादकाने बेत बदलावा, थांबावे, पुन्हा उसळी घ्यावी, हा जो मैफलीचा प्राण, त्याला त्या तीन मिनिटांत थारा नव्हता.

१६ जानेवारी १९३८ या रविवारी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन याच्या वाद्यवृंदाची मैफल झाली, तेव्हा या परिस्थितीत पहिली लक्षणीय फट पडली. अभिजात पाश्चात्त्य संगीताचे माहेरघर समजल्या जाणाऱ्या त्या सभागृहात नाचघरातील संगीत वाजणार, याचेच तेव्हा अप्रूप होते. सर्वांत महाग तिकीट पावणेतीन डॉलरांचे असूनही जागा पुरल्या नाहीत आणि काही श्रोत्यांना खुद्द रंगमंचावर खुर्च्या द्याव्या लागल्या. गुडमन स्वतः गौरवर्णीय. पण त्याच्या जथ्यातले पियानोवादक टेडी विल्सन आणि व्हायब्राफोन वाजवणारे लायोनेल हॅम्प्टन कृष्णवर्णीय होते, आणि त्या रात्री काउंट बेसी व ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदांतले निवडक वादकही त्याच मंचावर येऊन बसले. वर्णभेद जिथे रीतसर कायद्याने वा रूढीने पाळला जात होता, त्या देशात ही गोष्ट मुळीच क्षुल्लक नव्हती.

या मैफलीचे मुद्रण कोणत्याही कंपनीने करविलेले नव्हते. अल्बर्ट मार्क्स नावाच्या एका हौशी व्यावसायिकाने, गुडमनकडे पूर्वी गात असलेली आपली पत्नी हेलन वॉर्ड हिला भेट देण्यासाठी ते पदरच्या पैशाने करून घेतले. रंगमंचावर टांगलेल्या मायक्रोफोनमधला आवाज तारेने दूरच्या स्टुडिओत नेऊन तबकड्यांवर कोरण्यात आला. कार्यक्रमाच्या अखेरच्या टप्प्यात ‘सिंग, सिंग, सिंग’ ही ढोलांच्या गजराची रचना चालू असताना गुडमनने पियानोवादक जेस स्टेसीला अकस्मात खूण केली. स्टेसीला एरवी एकल वादनाची संधी क्वचितच मिळे. साऱ्या सभागृहाला दणाणून सोडणाऱ्या त्या गदारोळानंतर त्याने जे हळुवार, काहीसे चिंतनशील आणि चर्चमधल्या प्रार्थनेच्या वळणाचे वादन सुमारे दोन मिनिटे केले, ते कोणत्याही आराखड्यात नव्हते. तबकडी ऐकताना जाणवते ते असे, की पहिल्या काही क्षणांत श्रोते गोंधळलेले आहेत, मग ते निःशब्द होतात, आणि ती निःशब्दता पियानोच्या स्वरांइतकीच स्पष्ट ऐकू येते. या तबकड्या पुढे बारा वर्षे अप्रकाशित राहिल्या. १९५० साली कोलंबिया कंपनीने त्या दोन लाँग-प्ले तबकड्यांच्या संचात प्रसिद्ध केल्या, आणि मैफलीचे मुद्रण विकलेही जाते, असा साक्षात्कार मोठ्या कंपन्यांना झाला.

मधल्या काळात हे काम करीत होते ते छांदिष्ट लोक. जेरी न्यूमन हा कोलंबिया विद्यापीठाचा विद्यार्थी १९४१ साली तबकडी कोरण्याचे आपले हलते यंत्र घेऊन न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतील मिंटन्स प्लेहाउस या क्लबात जाऊन बसे. गिटारवादक चार्ली ख्रिश्चन तेथे रात्र उलटून गेल्यावर कसा वाजवीत असे, ते आज आपल्याला ठाऊक आहे ते न्यूमनमुळे, कारण पुढच्याच वर्षी ख्रिश्चन वयाच्या पंचविशीत वारला. डीन बेनेडेटी हा दुसरा. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करवर याची अशी काही भक्ती होती, की १९४७–४८ या काळात त्याने पार्करच्या मागे हिंडून त्याचे वादन टिपले. मात्र सामग्री वाचवण्यासाठी पार्करची पाळी संपताच तो बहुधा यंत्र बंद करी. परिणामी पार्करचे एकल विस्तार शेकड्यांनी उरले, आणि त्याच रात्री त्याच्या मागेपुढे वाजवणारे साथीदार काळाच्या उदरात गडप झाले. हा संग्रह १९९० साली प्रसिद्ध झाला. जतन करणाऱ्याची आवडनिवड हीच पुढील पिढ्यांची स्मृती ठरते, याचा याहून बोलका दाखला शोधूनही सापडणार नाही.

१९४८ हे वर्ष तंत्रदृष्ट्या सीमारेषा मानावे लागेल. जर्मनीत विकसित झालेली चुंबकीय फीत महायुद्धानंतर अमेरिकेत आली आणि अँपेक्स कंपनीची यंत्रे नभोवाणीच्या केंद्रांत बसू लागली. त्याच वर्षी जून महिन्यात कोलंबियाने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी, एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक वादन सामावणारी लाँग-प्ले तबकडी बाजारात आणली. फितीमुळे अखंड मुद्रण शक्य झाले आणि तबकडीमुळे ते अखंड ऐकणे शक्य झाले. वादकाला आता आपला विस्तार तोडावा लागणार नव्हता.

या नव्या सोयीचे सर्वांत प्रसिद्ध फळ ७ जुलै १९५६ च्या रात्री ऱ्होड आयलंड राज्यातील न्यूपोर्ट येथे मिळाले. श्रीमंतांच्या त्या समुद्रकाठच्या गावी जॉर्ज वीन याने १९५४ पासून जॅझचा वार्षिक उत्सव सुरू केला होता. ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद त्या काळी उतरणीला लागला, अशी सार्वत्रिक समजूत होती. त्यांची मुख्य पाळी मध्यरात्रीच्या सुमारास आली, तोवर श्रोते उठून जाऊ लागले होते. एलिंग्टनने १९३७ साली रचलेली ‘डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू’ ही जोडरचना घेतली, आणि तिच्या दोन भागांमधली जागा टेनर सॅक्सोफोनवादक पॉल गोन्साल्विस याच्या हवाली केली. (हे आडनाव वाचून गोव्याची आठवण होणे स्वाभाविक आहे, पण त्याचे पूर्वज केप व्हर्द बेटांवरचे, म्हणजे पोर्तुगीज सत्तेच्या दुसऱ्या एका वसाहतीतले होते.) ही रचना ब्लूज या प्रकारातली, आणि ब्लूजचे एक आवर्तन म्हणजे चार-चार मात्रांचे बारा विभाग. गोन्साल्विसने अशी २७ आवर्तने, सहा मिनिटांहून अधिक काळ, श्वासाची उसंत न घेता वाजवली. सहाव्या-सातव्या आवर्तनाच्या सुमारास पुढच्या राखीव जागांतली काळ्या पोशाखातली एक स्त्री उठून नाचू लागली. मंचाशेजारी बसलेला, एलिंग्टनच्या जथ्यात नसलेला ढोलवादक जो जोन्स गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने ताल देऊन वादकांना पेटवू लागला. हजारो माणसे खुर्च्यांवर उभी राहिली, आणि दंगल होईल या धास्तीने व्यवस्थापक मंडळी कार्यक्रम आटोपता घेण्याची खूण करू लागली. एलिंग्टनने ती मानली नाही. सहा आठवड्यांनी ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्याचे चित्र झळकले.

कोलंबियाने काढलेल्या तबकडीत हे सारे ऐकू येते, आणि ऐकणाऱ्याला एक गोष्ट पटते: त्या २७ आवर्तनांचा कर्ता एकटा गोन्साल्विस नाही. विसाव्या आवर्तनानंतर त्याच्या कल्पनेत फारसे नवे काही राहिलेले नाही, तो सुटे स्वर आणि लहानसे तुकडे घोळवीत आहे. परंतु समोरच्या गर्जनेने ताल धरला आहे, आणि त्या तालावर तो तरंगत राहतो. स्टुडिओत हे वादन दहा आवर्तनांत संपले असते. तथापि या तबकडीचा इतिहास सरळ नाही. कार्यक्रमाचा बराच भाग सदोष वाटल्यामुळे वाद्यवृंदाने दोन दिवसांनी स्टुडिओत जाऊन तो पुन्हा वाजवला आणि त्यावर टाळ्या मागाहून चढवण्यात आल्या. खुद्द गोन्साल्विसचे वादन अस्सल होते, पण तो चुकून कोलंबियाच्या मायक्रोफोनऐवजी ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या सरकारी नभोवाणीच्या मायक्रोफोनसमोर उभा राहिल्याने ते दुरून आल्यासारखे ऐकू येई. या नभोवाणीची स्वतःची फीत पुढे १९९६ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हाती लागली. दोन निरनिराळ्या मायक्रोफोनांच्या दोन फिती क्षणाक्षणाला जुळवून १९९९ मध्ये त्या रात्रीचे पूर्ण आणि स्टिरिओ स्वरूप प्रसिद्ध झाले. याच सरकारी संग्रहातून २००५ साली थेलोनियस मंक आणि जॉन कोल्ट्रेन यांची कार्नेगी हॉलमधली २९ नोव्हेंबर १९५७ ची मैफल बाहेर आली. परदेशांतल्या श्रोत्यांसाठी सार्वजनिक पैशाने केलेले मुद्रण अर्धशतकाने स्वदेशीयांच्या कामी आले.

श्रोता नेहमीच असा पेटलेला असतो, असे मात्र नाही. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागात व्हिलेज व्हॅनगार्ड नावाचे एक तळघर आहे. पंधरा-वीस पायऱ्या उतरून गेल्यावर पाचरीच्या आकाराची एक खोली लागते, आणि तीत सव्वाशेच्या आत-बाहेर माणसे मावतात. १९३५ साली मॅक्स गॉर्डनने सुरू केलेल्या या जागेत २५ जून १९६१ या रविवारी पियानोवादक बिल एव्हान्स, डबल बास वाजवणारा स्कॉट लाफारो आणि ढोलवादक पॉल मोशन यांनी दुपारी व रात्री मिळून पाच पाळ्या वाजवल्या, आणि निर्माता ओरिन कीपन्यूज याने त्या मुद्रित केल्या. या तबकड्यांत पेल्यांची किणकिण आहे, कोणाचे तरी बोलणे आहे, भलत्याच जागी फुटलेले हसू आहे. गर्दी विरळ आणि काहीशी उदासीन. आणि नेमक्या त्या उदासीनतेत तिघे वादक एकमेकांशी जे बोलतात, त्याला तोड नाही: बास केवळ ताल धरून ठेवत नाही, तो पियानोला उत्तर देतो, कधी त्याला अडवतो, कधी त्याच्या पुढे जातो. अकरा दिवसांनी, ६ जुलै रोजी, मोटार-अपघातात लाफारो मरण पावला. तो पंचवीस वर्षांचा होता. तो रविवार मुद्रणाविना गेला असता, तर त्या त्रयीच्या कर्तृत्वाचा मुख्य पुरावाच आज उरला नसता. पेले किणकिणवणाऱ्या त्या अनाम मंडळींना आपण कशाचे साक्षी आहोत, हे ठाऊक नव्हते; पण त्यांनी पैसे भरले म्हणून ते तळघर उघडे होते, ही गोष्टही विसरता येत नाही.

येथे साहजिकच प्रश्न उभा राहतो, की हा श्रोता कोण, आणि त्याला आत कोण येऊ देतो. हार्लेमच्या मध्यभागी असलेल्या कॉटन क्लबात एकेकाळी वादक कृष्णवर्णीय आणि श्रोते गौरवर्णीय असत. शेजारच्या रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला आपल्याच लोकांचे संगीत ऐकण्यास दरवाजा बंद होता. नॉर्मन ग्रॅन्झ याने २ जुलै १९४४ रोजी लॉस एंजेलिसच्या फिलहार्मॉनिक ऑडिटोरियममध्ये आपल्या मैफलींची मालिका सुरू केली. पुढे देशभर दौरे काढताना श्रोत्यांना वर्णानुसार वेगळे बसवले जाणार नाही, अशी अट तो सभागृहाशी होणाऱ्या करारातच घालीत असे. मैफलीतली मुद्रणे नियमाने विक्रीस आणणाऱ्या पहिल्या उद्योजकांत त्याची गणना होते. वर्णाची आडकाठी अशी दूर सारली, तरी तिकिटाची आडकाठी उरतेच. आणि ती दूर सारण्याची सर्वांत चमत्कारिक तजवीज उभी राहिली ती खुद्द ध्वनिमुद्रणाविरुद्धच्या संपातून.

१९२७ नंतर बोलपट आले आणि चित्रपटगृहांत प्रत्यक्ष वाजवणाऱ्या हजारो वादकांची नोकरी गेली. त्यापाठोपाठ नभोवाणी आणि नाणे टाकताच तबकडी वाजवणारी यंत्रे आली. स्वतःच वाजवलेली तबकडी आपल्या पोटावर उठते, असा वादकांचा आक्षेप होता, आणि तो निराधार नव्हता. अमेरिकन वादक-महासंघाचे अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यांनी १ ऑगस्ट १९४२ पासून आपल्या सभासदांना मुद्रणास मनाई केली. मोठ्या कंपन्यांपैकी डेका १९४३ मध्ये नमली; व्हिक्टर आणि कोलंबिया यांनी नोव्हेंबर १९४४ पर्यंत तग धरला. नेमक्या याच मुदतीत पार्कर, ट्रम्पेटवादक गिलेस्पी प्रभृती तरुण बीबॉप ही नवी शैली घडवत होते. तिच्या बाल्यावस्थेच्या तबकड्या जवळजवळ नाहीत त्याचे मुख्य कारण हा संप, आणि न्यूमनसारख्या छांदिष्टांच्या खटाटोपाची किंमत इतकी वाढली तीही त्यामुळेच.

तडजोड झाली ती अशी, की विकल्या गेलेल्या प्रत्येक तबकडीमागे कंपनीने एक लहानसा वाटा एका निधीत भरावा आणि त्यातून बेकार वादकांना मेहनताना देऊन लोकांसाठी विनामूल्य कार्यक्रम करावेत. १९४७ च्या टॅफ्ट-हार्टली कायद्याने अशी रक्कम संघाच्या ताब्यात देण्यास प्रतिबंध केला. १९४८ चे जवळजवळ सबंध वर्ष दुसरा संप चालला. आणि अखेरीस संघ व कंपन्या या दोघांपासूनही स्वतंत्र असलेल्या विश्वस्ताच्या हाती कारभार सोपवून म्युझिक परफॉर्मन्स ट्रस्ट फंड स्थापन झाला. उद्याने, शाळा, रुग्णालये, चव्हाटे अशा ठिकाणी तिकिटाविना झालेल्या असंख्य मैफलींचा खर्च या निधीने उचलला, आणि आजही तो काम करतो. या व्यवस्थेतले मर्म असे, की घरी बसून तबकडी ऐकणारा गिऱ्हाईक आपल्या नकळत उद्यानातल्या अनोळखी श्रोत्याचे तिकीट काढीत होता. ज्या यंत्राने वादकाची बैठक मोडली, त्याच यंत्राच्या नफ्यातून ती पुन्हा मांडली गेली. लोकांना जे फुकट मिळते त्यामागे कोणाच्या तरी जमाखर्चात एक रक्कम खर्ची पडलेली असते, हे या निधीइतके उघडपणे क्वचितच कोठे दिसेल.

पुढे अशा मुक्तद्वार मैफलींचे निरनिराळे नमुने निघाले. पियानोवादक बिली टेलर आणि डॅफनी आर्नस्टाइन यांनी १९६४ साली जॅझमोबाइल ही संस्था स्थापन केली; मिरवणुकीच्या चित्ररथासारखा फिरता रंगमंच हार्लेमच्या गल्ल्यांत नेऊन उभा करायचा आणि श्रोत्याने घराच्या पायरीवर बसून नामांकित वादक ऐकायचे, ही तिची पद्धत. १९६९ च्या उन्हाळ्यात हार्लेमच्याच माउंट मॉरिस पार्कात, आजच्या मार्कस गार्वी पार्कात, टोनी लॉरेन्स याने सहा रविवारी विनामूल्य सांस्कृतिक महोत्सव भरवला. सर्व मिळून सुमारे तीन लाख माणसे आली. तेथे नीना सिमोन होती, ढोलवादक मॅक्स रोच आणि गायिका ॲबी लिंकन होती, दक्षिण आफ्रिकेचा ट्रम्पेटवादक ह्यू मासेकेला होता. हाल टलचिन याने त्याचे सुमारे चाळीस तास चित्रण केले. दिव्यांसाठी पैसा नसल्याने रंगमंच पश्चिमेकडे तोंड करून बांधावा लागला, जेणेकरून मावळतीच्या उन्हात कलावंतांचे चेहरे उजळून निघतील. प्रवेश विनामूल्य असल्याने लोटलेली ती सबंध गर्दी त्या चित्रफितींत आहे. पण त्या फितींना गिऱ्हाईक मिळाले नाही आणि त्या बहुतांशी पन्नास वर्षे पडून राहिल्या. २०२१ साली क्वेस्टलव्ह याने त्यातून ‘समर ऑफ सोल’ हा चित्रपट केला, आणि त्याला ऑस्कर पारितोषिक मिळाले. मैफल घडवून आणण्यापुरता पैसा उभा राहिला होता; तिची आठवण सांभाळण्यापुरता राहिला नव्हता.

शिकागोची कहाणी अधिक सुव्यवस्थित आहे. मे १९७४ मध्ये एलिंग्टन वारला. त्याच्या स्मरणार्थ शहरातील वादकांनी ग्रँट पार्कात मैफल केली, ती दरसालची झाली, आणि १९७९ पासून नगरपालिकेने तिला जॅझ महोत्सवाचे रूप दिले. कार्यक्रमाची निवड शिकागोच्या जॅझ इन्स्टिट्यूटने करायची आणि बंदोबस्त, मंच व खर्च यांचा भार नगरपालिकेने वाहायचा, अशी कामाची वाटणी ठरली. आवडनिवडीचा अधिकार जाणकारांकडे आणि तिजोरीची किल्ली लोकप्रतिनिधींकडे, हे या वाटणीचे तत्त्व. १९८० मध्ये डेट्रॉइटने सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणाऱ्या कामगार दिनाच्या सुटीत, नदीकाठच्या हार्ट प्लाझात, असाच महोत्सव सुरू केला. मोटार-कारखान्यांच्या या शहरावर पुढे ओढवलेली अवकळा सर्वश्रुत आहे. महोत्सवाची आर्थिक घडी विस्कटू लागली, तेव्हा कारहार्ट या कामगार-पोशाखांच्या घराण्यातल्या ग्रेचेन व्हॅलेड यांनी मोठ्या देणगीचा स्थायी निधी उभारून दिला. जुलै २०१३ मध्ये खुद्द शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि दोनच महिन्यांत महोत्सव मात्र ठरल्याप्रमाणे, तिकिटाविना, पार पडला. न्यूयॉर्कला १९९३ पासून ऑगस्ट अखेरीस, पार्करच्या जन्मदिवसाच्या आसपास, त्याच्या नावाने विनामूल्य महोत्सव भरतो. त्याचे एक ठिकाण टॉम्पकिन्स स्क्वेअर पार्क, ज्याच्या समोरच्याच घरात पार्कर १९५० ते १९५४ राहत होता.

आपल्या मुंबईचा या इतिहासाशी संबंध आहे, पण तो काहीसा हळहळ लावणारा. १९३५ पासून ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी, टेडी वेदरफर्ड असे कृष्णवर्णीय अमेरिकन वादक वाजवून गेले, आणि त्यांच्यापाठोपाठ गोव्याच्या चर्चमधल्या संगीतशाळांत तयार झालेले वादक पुढे आले. त्यांतला चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, हा ट्रम्पेटवादक पुढे सी. रामचंद्रांच्या, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकरांच्या वाद्यमेळात आला, आणि जॅझची लय मराठी माणसाच्या हातून हिंदी चित्रपटात उतरली. पण त्या काळी हा वर्ग हॉटेलांच्या नाचघरांत वाजवी, तेथे सामान्य मुंबईकराला प्रवेश नव्हता, आणि मैफली मुद्रित करण्याची नियमित व्यवस्थाही नव्हती. स्टुडिओतल्या तबकड्यांवरून आणि चित्रपटांतल्या तुकड्यांवरूनच त्यांच्या रात्रींचा तर्क करावा लागतो. १९७८ साली निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने धोबीतलावच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात जॅझ यात्रा सुरू झाली. सॉनी रोलिन्ससारखा वादक तेथे येऊन गेला. पुढे तो परिसर शांतता-क्षेत्रात आल्याने रंगभवनातल्या मैफलीच थांबल्या.

उघड्या मैदानावरचे मुद्रण हे तळघरातल्या मुद्रणाहून अवघड असते, हेही येथे नमूद करणे इष्ट. बंद खोलीच्या भिंती स्वर परत पाठवतात आणि त्याला घनता देतात. उद्यानात तो आकाशात विरतो. वारा मायक्रोफोनवर आदळतो, दूरच्या ध्वनिवर्धकांचा आवाज क्षणभर उशिरा परत येतो, वाहनांचे भोंगे मध्येच शिरतात. म्हणून प्रत्येक वाद्यासमोर स्वतंत्र मायक्रोफोन ठेवून त्यांचे स्वतंत्र पट्ट्यांवर मुद्रण करतात आणि श्रोत्यांकडे तोंड केलेले आणखी दोन-तीन मायक्रोफोन निराळे लावतात. या दोहोंचे प्रमाण साधणे हे तंत्रज्ञाचे खरे कसब. श्रोते फार कमी घेतले तर मुद्रण स्टुडिओतले वाटते, फार अधिक घेतले तर वादन बुडते. तंत्र साधले तरी हक्काचा प्रश्न शिल्लक राहतो. वादकाचा दुसऱ्या कंपनीशी करार असतो, रचनाकाराचे मानधन वेगळे द्यावे लागते, नभोवाणीला दिलेली परवानगी एकदाच्या प्रक्षेपणापुरती असते. परिणामी कित्येक मुक्तद्वार महोत्सवांच्या फिती संग्रहालयांत सुस्थितीत असूनही लोकांपर्यंत पोहोचत नाहीत.

तात्पर्य असे, की मैफलीतले मुद्रण आणि विनामूल्य महोत्सव यांना व्यापार आणि दानधर्म अशा दोन खात्यांत टाकणे चुकीचे आहे. जॅझमध्ये श्रोता हा कृतीचा एक घटक आहे, हे कार्नेगी हॉलच्या निःशब्दतेने, न्यूपोर्टच्या गर्जनेने आणि व्हॅनगार्डच्या किणकिणीने सिद्ध केले. ते एकदा मान्य केले, की श्रोता कोण असावा हा प्रश्न दानाचा राहत नाही, तो कलेच्या घडणीचा होतो. आपल्याकडेही सार्वजनिक उत्सवांतल्या मैफली तिकिटाविना होतात आणि त्यांवर खर्चही होतो. अशा कोणत्याही मैफलीच्या अंदाजपत्रकात दोन बाबी असल्या पाहिजेत, हे शिकागो आणि डेट्रॉइटच्या कारभारावरून, आणि हार्लेमच्या पडून राहिलेल्या फितींवरून, शिकता येते. पहिली बाब वादकाच्या पूर्ण बिदागीची, कारण प्रवेश विनामूल्य आहे म्हणून वादन विनामूल्य मागण्याचा अधिकार कोणालाच पोहोचत नाही. दुसरी बाब मुद्रणाची आणि त्याच्या हक्कांची. ती तरतूद कार्यक्रमाआधी, लेखी आणि वादकाच्या संमतीने व्हावी. मंडप, दिवे आणि सत्काराचे हार यांच्या मानाने हा खर्च फार नाही, आणि पन्नास वर्षांनी उपयोगी पडेल असा खर्चाच्या यादीतला तो बहुधा एकच असेल.